चुनीलाल सरांचं गुबगुबीत यीस्ट

चुनीलाल सर आमच्या नंदुरबारच्या कॉलेजात बायोटेक विभागाचे प्रमुख आहेत, आणि हे लिहितानाही मला हसू येतं. तापीकाठचे, घरी ऊस आणि केळी. पर्मनंट झाल्यापासून त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावलेला मी तरी पाहिला नाही, आणि मी त्यांच्या शेजारच्याच टेबलावर बसतो. विज्ञानातलं त्यांना एकच ठाऊक: खतपाणी घाला, पीक येईल.

तमन्ना त्यांची संशोधक विद्यार्थिनी. नवापूरच्या कोंबड्यांच्या खाद्यात घालायचं एक एन्झाइम ती यीस्टकडून बनवून घेत होती. त्याचं जनुक तिनं यीस्टमध्ये बसवलं, जास्त माल निघावा म्हणून त्याच्या अनेक प्रती बसवल्या. अट एकच. मिथेनॉल या अल्कोहोलवर ठेवलं की जनुक जोरात चालतं, साखर मिळाली की बंद पडतं. खाद्य कंपनीचा माणूस नमुना तपासणार होता. एन्झाइम पुरेसं निघालं तरच फेलोशिप पुढे चालू, नाहीतर पोरीनं संशोधन सोडून घरी बसायचं.

हे सगळं तिनं सरांना फळ्यावर काढून समजावलं होतं. सरांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात कुणी नाही.

तपासणीच्या सकाळी यीस्टचा फ्लास्क घट्ट दुधासारखा भरला होता. तमन्नाचा चेहरा पडला, कारण मिथेनॉलवर यीस्ट इतकं माजत नाही. सर मात्र कंपनीच्या पाहुण्यासमोर छाती काढून उभे. पाहुण्यानं नमुना तपासला, पुन्हा तपासला. एन्झाइम जवळजवळ नव्हतंच.

‘आसं कसं?’ सर चक्रावले. ‘हाई पोरगी जेवाले घर गई का मी रोज त्यामा ग्लुकोज टाकू. बिचारं उपाशी दिखे!’

पाहुण्यानं कपाळाला हात लावला आणि बॅग उचलली. फेलोशिप त्याच्याबरोबरच दाराबाहेर गेली. मला सरांची किळस आली. सरांना अजूनही यीस्टचाच राग.

‘इतलं खाईसन बी काम काबर करत नही हाई?’

तमन्ना कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

‘सर, तुम्ही पर्मनंट कधी झालात?’

सर छताकडे बघत खरोखरच वर्ष आठवू लागले.