आंटीच्या कुंड्या

बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आंटी बेल वाजवत नाहीत. जिन्यातूनच हाक मारतात, दार उघडेपर्यंत मारत राहतात. त्यांच्या कुंड्यांचं पाणी खाली माझ्या स्कूटरवर गळतं, अशी दीड पानी तक्रार मी केली होती. शनिवारी त्यांनी कुंड्या आत घेतल्या आणि जिन्यात मला सगळ्यांसमोर डुक्कर म्हणाल्या.

रविवारी चर्चला जाताना दारात हजर. "काल तुला डुक्कर बोलले. हे मनात ठेवून फादरच्या हातून कम्युनियन कसं घेऊ रे? माफ कर ना."

मी मोठ्या मनाने माफ केलं. वर थोडं समजावलंही.

स्कूटर भिजतच राहिली. आंटी गुपचूप कुंड्या बाहेर काढत असणार, असा माझा तर्क. महिन्याभराने एसीवाल्याने दाखवलं, पाणी माझ्याच एसीचं होतं. चार दिवस तोंड चुकवून शेवटी खाली गेलो.

"मला त्याच शनिवारी कळलं," आंटी म्हणाल्या. "कुंड्या आत घेतल्या तरी गळतच होतं."

"मग माफी तुम्ही कशाला मागितलीत?"

"डुक्कर मी बोलले, तेवढ्याची मी मागितली. पाण्याची तू मागशील म्हणून थांबले होते. ये आत."