एका ओळीत उत्तर नको

दिल्लीत चार मराठी माणसं एका सरकारी खोलीत बसवली की फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. त्यात आमचं काम म्हणजे विचारूच नका. कुठला देश पुढे गेला, आपण मागे का राहिलो, याची टिपणं वर पाठवायची. आणि आमच्या डोक्यावर साठेसाहेब!

साहेबांचा एक नियम होता. देश पुढे गेल्याचं जो एकच कारण सांगेल, त्यानं अख्ख्या खोलीला चहा पाजायचा. नवा आलेला बत्रा पहिल्याच दिवशी म्हणाला, "जपानी लोग मेहनती हैं, बस." साहेबांनी शांतपणे विचारलं, "और अपना रिक्शावाला आराम करता है?" बत्रानं मुकाट चहा मागवला.

एकदा वरून फोन आला. कोरिया कधीकाळी आपल्यासारखाच गरीब होता, मग पुढे कसा गेला? मोठ्या साहेबांना मीटिंगला जायचंय, एका ओळीत सांगा. साठेसाहेब म्हणाले, "एकच कारण त्यांना हवंय ना? मग चहा त्यांच्याकडून." पलीकडून फोन आपटला. पुढे कितीतरी दिवस आम्ही बदलीच्या ऑर्डरची वाट बघत होतो.

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाची सहल पानिपतला गेली तेव्हा तर कहरच झाला. तिथे मराठी माणूस गप्प बसेल होय? एक म्हणाला, उपासमारीनं हरलो. दुसरा म्हणाला, छे, बायकामुलं सोबत नेली म्हणून. परतताना साहेबांनी ढाब्यावर प्रत्येकाकडून वेगळा चहा वसूल केला. साठेवहिनी वैतागून म्हणाल्या, "यांच्यापायी पानिपतात आज सगळ्यांची पोटं बिघडणार."

साहेबांची एकुलती एक लेक मुग्धा. तिला नोकरी लागली, तीही नेमकी कोरियात. तिनं जाऊ नये असं साहेबांना वाटतंय, हे आमच्या खोलीतल्या पंख्यालाही ठाऊक होतं. गाझियाबादला मी त्यांच्या समोरच राहायचे, त्यामुळे रोजचा वाद आयता ऐकू यायचा. आज थंडी, उद्या भाषा, परवा जेवण, मग तिथला तापट शेजारी देश. मुग्धा एकेक कारण खोडून काढायची. बापाचीच लेक ती! मला मात्र साहेबांची दया यायची.

शेवटी ती निघाली. विमानतळावर मीही गेले होते. वहिनी डोळे पुसत लाडवांचा डबा तिच्या बॅगेत कोंबत होत्या. मुग्धानं विचारलं, "बाबा, इतकी कारणं सांगितलीत. त्यातलं खरं कुठलं?"

साहेबांनी ट्रॉलीवरची बॅग सरळ केली. मग म्हणाले, "त्यातलं एकही नाही. तू गेलीस की घर खायला उठेल गं. एवढंच."

मुग्धाला रडूच फुटलं. "हे आधी बोलला असतात, तर मी नोकरीला हो म्हटलंच नसतं."

"म्हणून तर बोललो नाही," साहेब म्हणाले. "जा आता, लाइन पुढे सरकलीय."