कडेकडेनं वर

जनूकाकांनी जन्मभर गडब गावाजवळच्या मिठागरात पाणी राखलं. आत किती घ्यायचं, बाहेर कधी सोडायचं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. मी रोह्याकडची, भातशेतीतली. इथल्या उपकेंद्रात नर्स. शिकलेली म्हणून शहाणपण जरा जास्तच.

त्यांच्या बायकोला, काशीबाईंना, अर्धांगवायू झाला तेव्हा लघवीची नळी घातली. नळीला पिशवी, पिशवीखाली तोटी. मी काकांना दरडावलं, “पिशवी कमरेच्या खाली ठेवायची. स्वच्छता पाळायची. कळलं?”

“व्हय, सिस्टर.”

आणि पाळलीही! पोटची लेक करणार नाही इतकं त्या माणसानं केलं. दिवसातून दोनदा पिशवी रिकामी करायचे. सारवलेल्या जमिनीवर थेंब सांडू नये म्हणून तोटी पत्र्याच्या डब्यात पार तळापर्यंत बुडवायचे. मी ते एकदा पाहिलं, टोकावंसं वाटलं. पण कारण विचारलं तर या अंगठेबहाद्दराला जंतू कसे समजावू, म्हणून गप्प बसले.

तिसऱ्या आठवड्यात काशीबाईंना हुडहुडी भरली. पेणला नेईपर्यंत जंतू रक्तात पसरले होते. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

तेराव्यानंतर मी भेटायला गेले. काका ओट्यावर एकटेच बसले होते.

“बाय, पाणी तर भायेर जात व्हतं. मंग घाण आत कशी चढली गो?”

तेव्हा सांगितलं. या जंतूंना शेपट्या असतात, ते पोहतात. नळीच्या मधोमध धार जोराची, तिथून वाहून जातात. पण भिंतीलगत पाणी संथ. तिथे ते तोंड फिरवतात आणि धारेच्या उलटे, कडेकडेनं वर चढतात. वर जाऊन गर्दी करतात. डब्यातून तोटीत, पिशवीत, नळीत आणि थेट पोटात.

मला वाटलं, निम्मं डोक्यावरून जाईल. काकांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

“बारकी कोलंबी अशीच चढते गो. धारंत नाय, कडंकडंनं. आत मेली का मीठ नासतं. म्हून मिठागरातनं पाणी भायेर सोडायच्या पायपाचं तोंड खालच्या पाण्याला मी कदी टेकू दिलं नाय. वीतभर वर ठेवायचो. चाळीस वरसं.”

मला मान वर करवेना. लाज वाटली, रडूही फुटलं. काका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

“येवढंच सांगायचं व्हतंस गो. मना कळलं असतं.”