वास घेतलेलं फूल

"वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, एवढंही शिकवलं नाही का पोरीला?"

वकिलीणबाईंनी आईला विचारलं. आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं.

मी सात वर्षांची. वलगावच्या आमच्या मळ्यात मोगरा होता. रोज सकाळी बैलबंडीत बसून आई फुलांची टोपली अमरावतीला त्यांच्या पूजेसाठी आणायची. त्या दिवशी बाईंच्या मुलीने टोपलीतलं एक फूल नाकाला लावलं. तिचं बघून मीही लावलं.

"असं करू नये गं," बाई तिला म्हणाल्या आणि तिला आत पाठवलं. मग आईकडे बघत उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या. आईला कळलं. तिने मला अंगणाच्या मधोमध ओढून मारलं. शेजारणी ओट्यांवर आल्या. आणखी एक द्या, म्हणजे ध्यानात राहील, असं एक म्हणाली. आईने दिली. मारताना ती ओशाळं हसत बाईंकडे बघत होती.

पुढे कितीतरी वर्षं मी आईलाच दोष दिला. सोपं होतं ते.

लग्न झालं, आई थकली, टोपली माझ्याकडे आली. घर तेच. सोबत माझी पोर. एका सकाळी तिने शेवंती नाकाला लावली. बाई दारातच होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत माझा हात सुटला. मला कुणी सांगितलंही नव्हतं. सांगताना आजही मान खाली जाते.

पोर रडली नाही. म्हणाली, "मारलं मले, अन् पाह्यलं त्यायच्याकडे. काहून वं माय?"

ओट्यावरून कुणीतरी बोललं, बरं केलं, असंच वळण लागतं. मी बाईंकडे वळले.

"बाई, पोरगी चुकली. तिले मी घरी समजावीन. पन तुमच्या आंगनात तिच्यावर आता हात नाई उचलनार."

मग उद्यापासून फुलं आणू नकोस, बाई म्हणाल्या.

"नाई आनत."

घरी पोरीला सांगितलं, देवाच्या फुलाचा वास का घेत नाहीत ते. माझं चुकलं, हेही सांगितलं. अजूनही वेणी घालायला हात पुढे केला की ती आधी डोळे मिटते. ते माझंच पाप आहे.

माझं लेकरू चुकलं तर शेजाऱ्यांनी मला जरूर सांगावं. मी ऐकेन, लेकराला समजावेन. पण कुणाचं समाधान व्हावं म्हणून हा हात तिच्यावर पडणार नाही. उद्या तिचा तिच्या लेकरावर पडायला लागला, तर मधे मी उभी राहीन.