डोराचं दार

नेव्ह पास्कोच्या घरात एक विमानतळ आहे, पण तिथून आजवर काहीही उडालेलं नाही. मागच्या खोलीत भिंतभर फळ्या, फळ्यांवर खोकी, आणि खोक्यांच्या पारदर्शक खिडक्यांतून लष्करी हेलिकॉप्टरं बाहेर बघत बसलेली. ओतीव धातूची, वीतभराहून जरा मोठी. एकही खोकं उघडलेलं नाही. संग्राहकांचा धर्मच तो: सील फुटलं की वस्तू बाटली.

मी कूलिबारच्या टपाल कचेरीत खिडकीवर बसतो, त्यामुळे या विमानतळावर उतरणारा सगळा माल माझ्या हातून जातो. पार्सल नेऊन दिलं की नेव्ह ते असं घेतो, जसं काही आत बाळ झोपलंय.

"लग्नात मॉरीनला तरी इतकं जपून घरात आणलंस का?" मी एकदा विचारलं.

"तिला खोकं नव्हतं."

"नशीब माझं!" आतून मॉरीन ओरडली. "नाहीतर आजतागायत फळीवर असते."

तरुणपणी नेव्ह हवाई दलात होता, व्हिएतनामच्या लढाईत. ह्यूई हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात बसायचं, माणसं आत ओढायची, हे त्याचं काम. परत आल्यावर जन्मभर त्यानं गुरांसाठी पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या दुरुस्त केल्या. पाती फिरणारं काहीतरी डोक्यावर असलं की त्याला बरं वाटतं, असं मॉरीनचं मत.

त्याच्या ह्यूईचं नाव डोरा. कुणीतरी नाकाडावर पिवळ्या रंगानं लिहिलेलं. डोरानं जंगलात शिपाई उतरवले, पाण्याचे डबे नेले, पत्रं नेली, जखमी आणले. मायदेशी परतल्यावर पुरात छपरांवरून माणसं उचलली, एकदा तर कुणाची तरी शेळी. शेवटी तिचे सुटे भाग दुसऱ्यांना लावले आणि सांगाडा मोडीत गेला. मग इतक्या वर्षांनी एका खेळणी कंपनीला तिचा फोटो सापडला आणि त्यांनी पिवळ्या नावासकट तिची मोजकी मॉडेलं काढली. त्यातलं एक गेल्या आठवड्यात मीच नेव्हला नेऊन दिलं. तो त्या दिवशी जेवला नाही. मॉरीन म्हणाली, सवत आली.

रविवारी दुपारी चहाला कॉल ड्रायस्डेल आला होता. कॉल म्हणजे मेंढ्यांची लोकर कातरणारा जुना गडी. व्हिएतनाममध्ये तो पायदळात होता, आणि जखमी होऊन पडलेल्या कॉलला डोरात ओढून घेतलं होतं ते नेव्हनंच. हे अख्ख्या गावाला ठाऊक. ते दोघं मात्र त्यावर कधी बोलले नाहीत. पाऊस आणि फुटबॉल यांतच त्यांची मैत्री म्हातारी झाली. आता कॉलचे डोळे गेलेत. मुलगी त्याला दुसऱ्या दिवशी पर्थला नेणार होती, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून तो परतणार नाही, हेही गावाला ठाऊक.

थंडीतलं ऊन व्हरांड्यात मांजरासारखं पसरलं होतं. कॉलनं हातातला स्कोनचा पाव संपवला, मिशीचा जॅम पुसला.

"डोरा आलीय म्हणे."

"आलीय," नेव्ह म्हणाला.

"हातात दे."

नेव्ह माझ्याकडे बघायला लागला. मी चहात बघायला लागलो.

"लेका, त्या दिवसाचं माझ्याकडे काहीच नाही," कॉल म्हणाला. "गुंगीची सुई टोचली होती ना. एक वारा तेवढा आठवतो, तोंडावर. तो खरा होता की सुईतला, तेही कळत नाही. जायच्या आधी एकदा चाचपून बघू दे."

नेव्ह आत गेला. बराच वेळ झाला. मग किटली शिट्टी वाजवू लागली.

"सीलला वाफ देतोय!" मॉरीन म्हणाली. "मला वाटलं चहा आणतोय."

"चिकटपट्टी न फाटता निघते," आतून उत्तर आलं. "पुन्हा लावता येते."

निघाली नाही. फाटल्याचा आवाज आम्ही तिघांनी ऐकला. नेव्ह डोराला ओंजळीत घेऊन बाहेर आला आणि त्यानं तिला कॉलच्या मांडीवर ठेवलं.

कॉलची बोटं शेपटीवरून सरकत आली, पात्यांखालून वळली, पोटाशी थांबली. तिथं ती पुढंमागं फिरत राहिली.

"दार बंद आहे," तो म्हणाला.

"कारखान्यातच तसं बसवलंय."

"म्हणजे वारा नव्हता तर." त्यानं डोरा हळूच पुढं केली. "असू दे. ठेव जा खोक्यात."

नेव्हनं ती घेतली. दार सरकवून पाहिलं. ते चिकटवलेलंच होतं. मग त्यानं जॅमची सुरी उचलली, फटीत घातली आणि जोर लावला. कट्कन आवाज झाला. दार उडून पायरीवर पडलं, सोबत रंगाचा एक टवका. मॉरीननं ते वेचून बशीत ठेवलं.

"गाढवा, डोराची दारं आम्ही मागं सरकवून पक्की करायचो," नेव्ह म्हणाला. "कधीच बंद नसायची. तुझे पाय बाहेर लोंबत होते. मी तुला पट्ट्याला धरून बसलो होतो."

त्यानं डोरा पुन्हा मांडीवर ठेवली, तसं कॉलनं त्या भोकात बोट घातलं. कड खरखरीत होती. बोट आत तसंच राहिलं.

"खाली काय होतं?"

नेव्हनं खुर्ची ओढली. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. आधी रबराची झाडं, रांगाच रांगा, म्हणाला. मग लाल माती. मग भातखाचरं, त्यांत आभाळ पडलेलं, आणि त्या आभाळातून डोराची सावली चाललेली. एक बाई म्हशीला घेऊन उभी होती, तिनं वर पाहिलं.

"हात केला?"

"नाही. डोक्यावरची टोपली सांभाळली."

कॉल हसला. त्याचे पांढरे झालेले डोळे गावाबाहेरच्या माळाकडे लागले होते, आणि तिथं मलाही कुठंतरी पाणी दिसल्यासारखं झालं.

"मग समुद्र लागला," नेव्ह म्हणाला. "कडेला इस्पितळ. तिथं तुला—"

"उतरू नको रे एवढ्यात," कॉल म्हणाला. "पाण्यावरून एक चक्कर मार."

नेव्हनं खुर्ची आणखी जवळ घेतली आणि बोलता बोलता डावीकडे वळायला सुरुवात केली.