वाडगेकाकांचा वाडगा

वाडगेकाका भांड्यांची बुडं चाटायचे. ऐकीव गोष्ट नाही ही, माझ्या डोळ्यांदेखत चाटलेली आहेत. ऑकलंडजवळच्या पुकेकोहेमधल्या एका ऑप शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या सामानाच्या दुकानात, कुणाच्या तरी मेलेल्या आजीच्या कपबशांच्या ढिगातून त्यांनी एक मातीचा वाडगा उचलला, उलटा केला आणि तळाच्या खरबरीत कडेला सरळ जीभ लावली. "माती चांगली असली की जीभ धरून ठेवते," ते म्हणाले. "ही नाही धरत. ठेव जागेवर." आणि तो चाटलेला वाडगा त्यांनी माझ्याच हातात दिला.

मी पेनरोजला तयार जेवणाच्या एका कारखान्यात स्वच्छता तपासते. कुठल्या पट्ट्याखाली काय साचतं, कुठल्या झाकणाच्या खाचेत काय कुजतं, हे हुडकून काढायचं आणि लोकांना ओरडायचं. किळस येण्याचाच पगार मिळतो मला. अशा बाईचं आणि अशा माणसाचं जमायचं काही कारण नव्हतं. पण माउंट रॉस्किलला आमच्या शेजारच्याच घरात ते राहायचे, मुलगा समीर आणि सून मुक्ता यांच्याकडे. पुण्यात पंपांची ड्रॉइंगं काढण्यात सगळी नोकरी गेली, मग बायको गेली, मग हे इकडे आले. इथे ते गाडी चालवत नसत. शनिवारी मी भाजीला पुकेकोहेला निघाले की स्वेटर आणि कानटोपी घालून फाटकाशी हजर. "काय इन्स्पेक्टर, निघालीस?" असं विचारेपर्यंत गाडीचं दार उघडलेलं असायचं.

हे वाडग्यांचं खूळ त्यांना वाचनालयात लागलं. तिथे एका जपानी बाईंनी त्यांच्या पद्धतीचा हिरवा चहा करून दाखवला आणि ज्या वाडग्यात केला तो काकांच्या हातात दिला. झालं. त्या दिवसापासून जुनी दुकानं पालथी घालणं सुरू झालं. गराजमध्ये समीरची गाडी राहीना एवढे वाडगे जमले. काळे, मातकट, वाकडे, पोपडे आलेले. आपल्याकडे अशी भांडी कुंभार स्वतःच फोडून टाकेल. मी तसं बोलले की म्हणायचे, "तुला नाक आहे इन्स्पेक्टर, डोळे नाहीत."

त्यातल्या एकालाही साबण लागू द्यायचे नाहीत. नुसतं पाणी, मग फडकं, आणि ते फडकं कधीचं होतं ते विचारू नका. "माती पिते गं. साबण पाजलास तर उद्या चहाला साबणाचा वास येईल." आणि चहा पिण्याची तऱ्हा तर विचारायलाच नको. गवताच्या रंगाची ती फेसाळ लापशी एकाच वाडग्यात ढवळायची. पहिल्याने घोट घ्यायचा, कडा फडक्याने पुसायची, आणि तोच वाडगा पुढच्याला. सरळसरळ उष्टं. जपानात म्हणे मोठमोठी माणसं असं पितात. पिऊ देत. मी घरून स्टीलचा पेला नेत असे. तो पाहिला की काका आजाऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघायचे, पण ओतायचे. त्यांची नात तर स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडायची, "आजोबा, दॅट्स सो ग्रोस," आणि पळून जायची. त्या घरात तेवढं एक पोर शहाणं होतं.

मग तो गुलाबी वाडगा सापडला. दुधात किंचित कुंकू पडावं तसा रंग, सगळ्या अंगावर केसासारख्या बारीक भेगा, तळाच्या कडेला मुद्दाम कापलेली एक खाच. काकांनी तो चाटला आणि जागेवर न ठेवता सरळ पैसे द्यायला नेला. गाडीत मांडीवर धरून बसले. ज्या जपानी गावची ती घडण, त्या गावाचं नाव मराठी घरात जेवताना घेता येणार नाही असं आहे, म्हणून मी लिहीत नाही. पण काकांची खात्री होती की वाडगा जुना आहे, अस्सल आहे, आणि जाणकार लोक जन्मभर ज्याच्या शोधात असतात त्यातला आहे.

खात्री होती, पण एकट्याची. ऑकलंडात अशी भांडी जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. काका तिथे एकदा गेले होते तेव्हा दारातल्या बाईंनी विचारलं, टॅक्सी कुणासाठी आलीय? ग्रॅहम नावाचा मंडळातला सर्वांत मोठा जाणकार, त्याला काकांनी फोनवरचा फोटो दाखवला. तो म्हणाला, करी खायला छान आहे. हे काका मला हसत हसत सांगत होते आणि माझं डोकं तापत होतं. त्यांना तो विकायचा नव्हता. कुणा जाणत्या माणसाने एकदा तो हातात घ्यावा आणि 'खरा आहे' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसाला दुसरं काही नको होतं, हे मला आधी हास्यास्पद वाटायचं, नंतर वाटेनासं झालं. वर्षभर मागे लागल्यावर ग्रॅहम एका रविवारी घरी यायला तयार झाला.

त्या सुमारास मुक्ताची आई आलेली होती, शशिकलाबाई, मिरजेच्या. नवरा गेलेला, तिकडचं घर बंद करून आलेल्या. लेकीच्या घरी राहणं आणि त्यात व्याही समोर, त्यामुळे त्या सदा अवघडलेल्या. फ्रिज उघडायचा तरी विचारायच्या. खुर्चीच्या कडेवर बसायच्या. त्यांचं स्वतःचं असं एकच काम त्या घरात होतं, दही लावणं. इकडच्या थंडीत आपलं दही लागत नाही, नुसतं दुधाचं पाणी राहतं. शशिकलाबाईंनी शोध लावला की गरम पाण्याची टाकी असते त्या कपाटात विरजण ठेवलं की सकाळी दही तयार. मुक्ताच्या सगळ्या मैत्रिणी त्यांच्याकडून विरजण न्यायच्या. तेवढ्यापुरत्या त्या ताठ बसायच्या.

शनिवारी संध्याकाळी काकांनी गुलाबी वाडगा पेटीतून काढला, कोमट पाण्यात भिजवला आणि ओट्यावर भांड्यांच्या जाळीत वाळत ठेवला. चहा करण्याआधी असं करायचं असतं म्हणे. आणि काका झोपायला गेले.

रविवारी ग्रॅहम आला तो बुटांसकट आत आला. दाराशी चपलांची, रबरी स्लिपरांची रांग दिसत होती, तरी. बरोबर मंडळातले आणखी दोघे. खुर्चीवर बसण्याआधी त्याने ती रुमालाने झटकली. मुक्ताने पुसलेली खुर्ची. मी तिथे होते कारण काकांनी मला 'साक्षीदार' म्हणून बोलावलं होतं. काका इस्त्रीचा सदरा घालून स्वयंपाकघरात गेले, आणि परत आले ते रिकाम्या हाताने, ओठ पांढरे पडलेले. "इन्स्पेक्टर, वाडगा जाळीत नाही," एवढंच माझ्या कानाशी म्हणाले.

"तो मातीचा होय?" शशिकलाबाई म्हणाल्या. "थांबा, देते की." टाकीच्या कपाटातून त्यांनी वाडगा काढला, वर ताटली झाकलेली, आणि दोन्ही हातांनी आणून पाहुण्यांच्या मधोमध टेबलावर ठेवला. ताटली काढली. "पाहुणे यायचेत म्हटल्यावर स्टीलपेक्षा मातीतलं बरं, म्हणून ह्यात लावलं. बघा तरी, एवढ्या थंडीत कसं कवडीदार लागलंय."

लागलं होतं खरंच. चाकूने कापावं असं. आणि सगळ्या भेगांतून बाहेरच्या अंगाला पिवळट पाणी पाझरलं होतं. आंबट वास खोलीभर. "आई, अगं हे काय केलंस तू—" मुक्ताने तोंड उघडलं, तसे काका मध्येच म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्यांना." मग हेच इंग्रजीत पाहुण्यांना सांगितलं. आमच्याकडे चांगली माती अशीच वापरतात, म्हणाले. आवाज स्वच्छ होता. टेबलाखाली इस्त्रीच्या सदऱ्याचं टोक मुठीत चुरगाळत होते ते फक्त मला दिसत होतं, मी त्या बाजूला होते म्हणून.

ग्रॅहम जरासा वाकला. वाडग्याला बोट लावलं नाही. नाक आक्रसून म्हणाला, पर्यटकांना विकतात त्यातला आहे, आणि आता तर तेवढाही राहिला नाही. दुसरा म्हणाला, योगर्टसाठी तरी झकास. तिघे हसले. काकांनी वाट्या-चमचे मागवले, दह्यावर साखर घालून वाट्या तिघांपुढे ठेवल्या. ग्रॅहमने वाटी एका बोटाने लांब सारली. कारखान्यात मी पिठाच्या पोत्यात उंदराच्या लेंड्या पाहिल्या आहेत, गटार तुंबून वर आलेलं पाहिलंय. त्या बोटाची जेवढी शिसारी आली तेवढी कशाचीच आली नाही. लोकांच्या घरी येऊन, लोकांच्या म्हाताऱ्या बाईने लावलेलं असं लोटायचं. आणि हे रसिक.

ते गेल्यावर मी काकांना गराजमध्ये गाठलं. "खोटं कशाला बोललात? चुकून झालं म्हणाला असतात तर त्याने पुन्हा पाहिला असता. शशिकलाबाई काय, दोन दिवस वाईट वाटलं असतं त्यांना."

"दोन दिवस नाही," काका म्हणाले. "बाईंनी उद्याच बॅग भरली असती. मिरजेला कुणी नाही त्यांचं. आणि नसती भरली, तरी ह्या घरात पुन्हा कशाला हात लावला नसता. मुक्ताही विसरली नसती, ते निराळंच. लेकीच्या घरी राहणाऱ्या बाईला एकदा चुकलीस म्हणायचं म्हणजे काय असतं, तुला कळायचं नाही."

"आणि तुमचा वाडगा?"

"तो कुठे गेलाय? आहे की."

तो होता, पण कसा. भेगांत शिरलेली साय आंबली, पिवळी पडली. तान्ह्या पोराने दूध ओकल्यावर दुपट्याला येतो तसला वास सुटला. काकांनी तो उकळला, उन्हात ठेवला, राखेत पुरून पाहिला. मी म्हटलं, कारखान्यातलं औषध देते, वास मुळापासून जाईल. तर म्हणे, "औषध आत जाईल ते कायमचं. त्यापेक्षा दही परवडलं." शेवटी एका सकाळी त्यांनी वाडगा शशिकलाबाईंच्या पुढे ठेवला. "आता रोज ह्यातच लावत चला. तुमच्या हातचं ह्यात छान लागतं." त्या दिवसापासून दुपारच्या भाताबरोबर त्या वाडग्यातलं दही. काका बोटाने कड पुसून खायचे. मला प्रत्येक वेळी आग्रह व्हायचा. मी नाही खाल्लं. अजूनही नाही खाल्लेलं, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

पण शनिवारी फाटकाशी उभं राहणं थांबलं. मी हॉर्न वाजवायची, ते खिडकीतून हात करायचे, "तू जा गं, गुडघे दुखतात," आणि पडदा ओढून घ्यायचे. गुडघे आधीही दुखायचे. गराजमधले वाडगे समीरने हळूहळू परत ऑप शॉपला देऊन टाकले, त्यातला एकही त्यांनी ठेवून घेतला नाही. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी ते उठलेच नाहीत.

तेराव्याला गोडाचं जेवण होतं. मी वाढायला होते. दार वाजलं, बघते तर ग्रॅहम, हातात फुलं आणि कार्ड. पुन्हा बुटांसकट आत. दुःख झालं वगैरे म्हणाला आणि पुढच्याच वाक्याला विचारलं, तो गुलाबी वाडगा कुणाकडे आहे, घरच्यांना नको असेल तर मी योग्य किमतीला नेईन. मी म्हटलं, तो तर पर्यटकांना विकतात त्यातला ना? तेव्हा तो जरा हसला. पाहताक्षणीच ओळखला होता, म्हणाला. असा या देशात दुसरा नसेल. वासाचं बघता येईल. पण जी वस्तू पुढेमागे घ्यायची असते तिला आपण चांगली म्हणायचं नसतं.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात हे ऐकून होते. असा बूट घालून, फुलं घेऊन आलेला पहिल्यांदा पाहिला. मला थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही, पण तो जे बोलला ते शब्दन् शब्द मराठीत मोठ्याने सांगितलं, पानांवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

शशिकलाबाईंनी हातातला वरणाचा डाव खाली ठेवला. "म्हणजे खरा होता?"

"हो."

"हे त्यांच्या कानावर पडायला हवं होतं गं," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. "माझ्यापायी ते तोंड मिटून बसले, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मी दुधखुळी नाही. पण त्यांनी झाकलं ते मी कशी उघडू?"

मुक्ता आईकडे बघतच राहिली. ग्रॅहमने मला विचारलं, या बाई काय म्हणतायत, आणि आज निदान एकदा पाहायला मिळेल का? मी ते शशिकलाबाईंना सांगितलं. त्यांनी पदर खोचला, डाव उचलला आणि लेकीला न विचारता, जावयाला न विचारता, घरच्या बाईने सांगावं तसं सांगितलं, "म्हणावं, वाडगा रिकामा नाही. त्यात दही लागतंय."