शॉमबर्गचे हिप्पीकाका

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात उल्हास चिटणीसांना सगळे हिप्पीकाका म्हणत. आता हा गृहस्थ कसा, तर अख्खा पार्किंग लॉट रिकामा असला तरी दोन रेघांच्या बरोबर मध्ये गाडी लागेपर्यंत मागेपुढे करणार, आणि इस्त्रीचा शर्ट घालून लॉन कापणार. पण एकोणसत्तर साली, विद्यार्थी असताना, काका न्यूयॉर्ककडच्या त्या जगप्रसिद्ध म्युझिक फेस्टिव्हलला गेले होते म्हणे. गणपतीच्या जेवणात कोणीतरी खडा टाकायचं आणि काका सुरू व्हायचे. तो चिखल काय, त्या गिटारी काय, तीन दिवस आंघोळ म्हणून नाही! दरवर्षी गोष्टीला नवी पालवी फुटायची. गेल्या सालच्या गोष्टीत तर काकांनी केसांत फुलंही माळून घेतली होती. बायको रेखा श्रीखंड वाढता वाढता ऐकायची आणि पुढच्या पानाकडे वळायची.

सगळ्यात जास्त विश्वास सतरा वर्षांच्या लेकीचा, सुमेधाचा. मैत्रिणींचे बाबा नुसते मार्क विचारत. आपला बाबा एके काळी बिनधास्त जगला, याचा तिला केवढा अभिमान. काकांना त्या अभिमानाची चटकच लागली होती. ऑफिसात त्यांना कुत्रं विचारत नव्हतं, घरी निदान पोरगी तरी कौतुकानं बघायची.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्या फेस्टिव्हलवर एक विनोदी सिनेमा आला. सुमेधा हट्टानं बाबाला घेऊन गेली. पडद्यावर पोरंपोरी चिखलात लोळत होती आणि ही दर दोन मिनिटांनी विचारत होती, असंच होतं का? काका अंधारात मान डोलवत राहिले.

घरी आल्या आल्या तिनं विषय काढला. विस्कॉन्सिनमध्ये एका शेतात तसाच कॉन्सर्ट आहे, मैत्रिणींबरोबर एक रात्र तंबूत राहायचं. काकांनी ताडकन नाही म्हटलं.

"बट यू वेन्ट, बाबा," ती म्हणाली.

झाली ना पंचाईत! हो म्हणावं तर पोरगी तंबूत, नाही म्हणावं तर बाप ढोंगी. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी आत गेलोच नाही," ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. ट्रॅफिक तुंबलेला, म्हणून टाय लावून आठ मैल पायपीट. खिशात महिनाभर आधी मागवलेलं तिकीट. पोचतात तो कुंपण आडवं झालेलं आणि लोक खुशाल त्याच्यावरून आत चाललेले. तिकीट तपासायला कोणी म्हणता कोणी नाही! आपण फुकटे दिसायला नको म्हणून काका तिकीट हातात धरून चार तास उभे राहिले. एका दाढीवाल्यानं प्रेमानं आत बोलावलं, तर काकांनी विचारलं, तुम्ही स्टाफपैकी का? पुढे पाऊस आला आणि काका परत फिरले. गाणं मात्र बाहेरूनही छान ऐकू येत होतं, असं त्यांनी हळूच सांगितलं.

सुमेधा हसली असती तर परवडलं असतं. ती नुसती बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रेखा सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली.

"जाऊ द्या तिला," ती म्हणाली. "या घरातलं एक तरी माणूस आत जाऊन येऊ दे."